दुसरा भोंगा

चोपडे, पेडणे
रविवार, १३ जुलै २०२५

गौरू,

काल फोनवर तू वीस मिनिटं रडलीस आणि मी वीस मिनिटं ओरडले. त्यातून निघालं काय? मला एवढंच कळलं की नववीच्या वर्गात काहीतरी झालं, तू मास्तरकी सोडणार आणि मोपाच्या विमानतळावर काउंटरवर बसणार. मधलं सगळं हुंदक्यात गेलं. म्हणून आता लिही. फोन नको. लिहिताना माझा हात सावकाश चालतो, त्यामुळे तोंडही सावकाश चालतं. चौथीतून सुटलेल्या बाईचं अक्षर आहे, हसू नकोस. आणि शुद्धलेखनाला लाल पेन लावशील तर याद राख.

पत्ता आमच्या शाळेचाच घाल. टपाल मीच घेते, हेडमास्तरांच्या मेजावर जायच्या आधी. अठरा वर्षं शिपाई आहे इथं. घंटा माझ्या हातात, चाव्या माझ्या कमरेला. तेवढा हक्क माझा.

तुझ्या आईचा हळर्णहून फोन आला होता. "बाय, पोरीला सुखानं विमानतळावर बसू दे गो, थंडगार एसी आहे तिथं." मी म्हटलं, "रुक्मिणी, चली आहे ती तुझी, जितीजागती पोर, फ्रीजमधला बांगडा न्हय." तिनं फोन ठेवला. आता आठ दिवस बोलणार नाही. बरं झालं, कान थंड.

मावसा तुझा बरा आहे. नदीला तांबडं पाणी, मासळी नाही, म्हणून दिवसभर जनेलाच्या गजांपाशी बसून जाळं शिवतो आणि आमटीत मीठ किती घालायचं ते मला शिकवतो.

तर काय झालं ते पहिल्यापासून लिही. सुधारून लिहू नकोस. झालं तसं लिही.

शेवंतीमावशी


मुळगाव, डिचोली
१७ जुलै २०२५

प्रिय मावशी,

तुझं पत्र स्टाफरूममध्ये वाचलं आणि बांगड्यावर हसले. पंधरा दिवसांत पहिल्यांदा.

पहिल्यापासून सांगते. नववीला दुसऱ्या महायुद्धाचा धडा आहे. त्यात हिरोशिमावर तीन ओळी. मला वाटलं, तीन ओळींत हे कसं सांगायचं? म्हणून मी चार रात्री जागून तयारी केली. भिंतीवर त्या प्रचंड ढगाचं चित्र दाखवलं. म्हटलं, "सहा ऑगस्ट एकोणीसशे पंचेचाळीस, सकाळी सव्वाआठ. एक विमान. एक बॉम्ब. एक अख्खं शहर." आणि थांबले. मला वाटलं, आता वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येईल.

एक मुलगी उभी राहिली. राणी. तिचे वडील केरबा बांधकामावर आहेत, चंदगडकडचे, तीन वर्षांपूर्वी इथं आले. ती म्हणाली, "टीचर, भोंगा वाजला नव्हता? मग माणसं आत का नाय गेली? येडीच होती की." आणि हसली. झालं! सगळा वर्ग हसायला लागला. मागून साईश ओरडला, "धडाम!" आणि पोरांनी बाकं बडवली.

तुला इथली पद्धत माहीत नसेल. खाणी चालायच्या तेव्हा सुरुंग लावायच्या आधी भोंगा व्हायचा. सगळ्यांनी घरात जायचं, आया अंगणातली पोरं ओढून आत घ्यायच्या. मग हादरा. मग दुसरा भोंगा, की परत ज्याचं त्याचं काम. इथल्या मुलांनी ते लहानपणापासून ऐकलेलं किंवा घरच्यांनी सांगितलेलं. त्यांना बॉम्ब म्हणजे मोठा सुरुंग, आणि सुरुंगानं मरतो तो ज्यानं भोंगा ऐकला नाही तो.

मला इतका राग आला, मावशी! लाखभर माणसं, आणि ही हसते? मी राणीला बाहेर काढलं. त्या दिवसापासून ती शाळेत आलेली नाही.

आमचे हेडमास्तर शिवदास सर शांत माणूस. म्हणाले, "गौरवी टीचर, सहा ऑगस्टला त्या गोष्टीला ऐंशी वर्षं होतात. त्या दिवशी पहिल्या तासाला हाच पाठ परत घ्या. मी मागे बसतो. आणि ती मुलगी वर्गात दिसली तर बरं."

मी नाही घेऊ शकत. ज्यांना मेलेल्या माणसांवर हसू येतं त्यांना मी काय शिकवू? विमानतळावाल्यांना दहा ऑगस्टपर्यंत कळवायचं आहे. मी होकाराचं पत्र लिहून ठेवलं आहे.

तुझी,
गौरवी


चोपडे
२१ जुलै

गौरू,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा चष्मा लावून. तू सुधारून लिहिलंस.

ऐक. आमच्या शाळेत रोज तीनचार भुरगी वर्गाबाहेर असतात. व्हरांड्यात माझ्यापाशी येतात, घंटेला हात लावू काय म्हणून पाठ सोडत नाहीत, कोणाच्या डब्यात काय आहे ते मला सांगतात. दुसऱ्या दिवशी तीच पोरं परत, तोंड वर करून. नुसतं बाहेर काढलं म्हणून कोणी घरी बसत नाही. तू त्या चलीला आणखी काहीतरी बोललीस. ते तू गिळलंस. ओक.

दुसरी गोष्ट. तिनं विचारलं ते वाईट काय होतं? भोंगा वाजला होता की नव्हता? मी तुलाच विचारते. तुला माहीत आहे? चार रात्री जागलीस ना? माहीत नव्हतं म्हणूनच राग आला तुला. आमच्या गणिताच्या सरांचं असंच आहे. गणित अडलं की पोरांवर खेकसतात, "जनेलाबाहेर काय बघतोस?" सगळ्या मास्तरांची एकच खोड.

तिसरी. तो ढगाचा फोटो. तो वरून काढलेला, होय ना? विमानातून? म्हणजे ज्यानं टाकला त्याच्याकडचा फोटो. तुझी पोरं पण मग वरच बसली त्याच्या बाजूला, आणि वरून बघितलं की धडामच दिसतं. खाली एखादी बाई चुलीवर पेज ठेवत असेल, तिला ढग दिसला असेल काय? तू त्या बाईचं काही सांगितलंस? मी शिकलेली नाही, पण माझ्या डोक्याला एवढं तरी कळतं.

तर आता तू त्या राणीच्या घरी जा. हेडमास्तर म्हणतात म्हणून नव्हे, मी म्हणते म्हणून. संध्याकाळी जा, तिची आई कामावरून आलेली असेल. रिकाम्या हातानं जाऊ नकोस. पोदेराकडचे उंडे पाव घे, गरम असतील तेव्हा. केक बीक नको. केक घेऊन गेलीस तर त्यांना वाटेल कोणाचा वाढदिवस आहे की काय. पाव सगळ्यांच्या घरात चालतो.

आणि बसायला पाट दिला तर बस. पावसाचं कारण सांगून दारातून परत फिरू नकोस. मी तुला ओळखते.

शे. मावशी

ता. क. विमानतळाचं पत्र पेटीत टाकलं नाहीस ना? टाकलं असशील तर मला सांगू नकोस, मी येऊन थोबाड फोडीन.


मुळगाव
२८ जुलै २०२५

मावशी,

ओकते.

मी राणीला बाहेर काढताना म्हणाले, "घाटी ती घाटीच. तुम्हाला काय कळणार?" सगळ्या वर्गासमोर. तोंडातून गेलं. आपल्याकडे सगळेच म्हणतात, म्हणून तुला लिहायला लाज वाटली, आणि म्हणून लिहिलं नाही.

शनिवारी गेले. उंडे घेऊन. एका घराच्या मागच्या बाजूला एक खोली, पत्र्यावर पाऊस इतका की ओरडून बोलावं लागत होतं. राणीची आई अनुसया नुकतीच कामावरून आली होती, केसांत सिमेंट. तिनं पाट सरकवला. मी बसले.

म्हणाली, "बाई, घाटावरनं आलोय तर घाटी म्हनत्यात लोकं. आमाला त्याचं काय न्हाय. सवय झाल्या. पर पोरगी रडली. म्हनली, आई, रस्त्यावर म्हनत्यात ते म्हनत्यात, बाईंनी का म्हनावं?"

उंडे मांडीवर तसेच. राणी आतल्या पडद्याआड होती. मी पडद्याला म्हटलं, "राणी, चूक झाली माझी." पडदा बोलला, "टीचर, मी येडी म्हणून नाय हसले. सगळी माझ्याकडं बघाय लागली, मग मला हसू आलं."

आणि मग तिनं सांगितलं. त्यांच्या गावाकडे दगडाची खाण आहे. तिचा काका तिथं कामाला होता. पहिला भोंगा झाला, सगळे लपले. सुरुंग उडाले. दुसरा भोंगा झाला. काका बाहेर आला, घमेलं उचललं आणि मागे राहिलेला एक सुरुंग तेव्हा उडाला. काकाचा पाय गेला. "म्हणून इचारलं मी," ती म्हणाली. "मला वाटलं तितं पण दुसऱ्या भोंग्यानंतर झालं काय."

मावशी, मी घरी येऊन शोधलं. तू म्हणालीस तसं, मला माहीतच नव्हतं. त्या दिवशी सकाळी सातनंतर हिरोशिमात भोंगा वाजला होता. एक विमान वरून फिरून गेलं. लोक लपले. साडेसातच्या सुमाराला दुसरा भोंगा झाला, धोका टळला म्हणून. लोक बाहेर आले. चुली पेटवल्या. कामावर निघाले. शाळेतली हजारो मुलं, माझ्या नववीपेक्षाही लहान, उघड्यावर कामाला लागली. हल्ल्यात आग पसरू नये म्हणून मोठी माणसं घरं पाडत होती, ही मुलं कौलं आणि वासे उचलत होती. आणि मग सव्वाआठ.

राणीनं विचारलं तो अख्ख्या धड्यातला सगळ्यात शहाणा प्रश्न होता. तिच्या त्या तीन वाक्यांत जे होतं ते माझ्या चार रात्रींत नव्हतं.

मी निघताना अनुसया दारात आली. म्हणाली, "पोरगी यील शाळंला. पर एक सांगते बाई, राग मानू नका. घरात माफी मागितली ती ऱ्हाऊ द्या. म्हनलं कुटं? वर्गात न्हवं?"

वर्गात, मावशी. अठ्ठावीस मुलांसमोर, आणि मागे शिवदास सर. मुलांसमोर मी असं काही बोलले होते हेच सरांना माहीत नाही. एकदा माफी मागितली की ती मुलं मला कधी टीचर म्हणून मानतील काय?

आणि एक विचारायचं होतं. तू शाळा का सोडलीस? आई म्हणते घरचं काम होतं. पण तू व्हरांड्यातल्या मुलांबद्दल लिहिलंस, तेव्हा मला काहीतरी वेगळंच वाटलं.

गौरवी


चोपडे
१ ऑगस्ट

गौरू,

विचारलंस, आता ऐक. आजवर कोणी विचारलं नव्हतं, म्हणून सांगितलं नाही. मावशालाही माहीत नाही. आता कळेल, कारण तो माझ्या खांद्यावरून वाचतो आहे. जा म्हटलं तर जात नाही.

माझा बाबा, तुझा आजोबा, बार्जवर खलाशी. तुमच्या डिचोलीकडच्या खाणींची तांबडी लोखंडी माती त्या सपाट बोटीत भरायची, मांडवीतून मुरगावला न्यायची, तिथं बाहेर मोठी जहाजं उभी. बाबा पंधरवड्यानं घरी यायचा. त्याचे कपडे धुतले की पाणी गेरूसारखं. मला सांगायचा, "शेवंतू, ही माती जपानला जाते. त्यांचे खलाशी वरून हात करतात. मीही करतो."

मी चौथीत. ऑगस्टचा महिना होता. प्रार्थना झाली आणि मास्तरांनी सांगितलं, अमेरिकेनं जपानवर बॉम्ब टाकला, सगळं बेचिराख झालं, माणूस उरला नाही. मी उभी राहिले. म्हटलं, "मास्तर, हे खोटं. परवाच माझ्या बाबानं त्यांचं जहाज भरलं. माणूस उरला नाही तर माती नेतो कोण?"

सगळी पोरं हसली. मास्तर म्हणाले, "आता बार्जवाल्याची पोर मला शिकवणार! हो बाहेर." सुटेपर्यंत व्हरांड्यात उभी. मला वाटलं, शनिवारी बाबा येईल तेव्हा त्याला विचारीन, जपानात माणसं उरली काय. पण बाबा आला तेव्हा लाज वाटली. त्याच्यावरून मास्तर बोलले होते ना. मग कसं विचारू?

दुसऱ्या दिवशी म्हटलं डोकं दुखतं. तिसऱ्या दिवशी पोट. घरात रुक्मिणी रांगत होती, आईला हात हवाच होता. महिन्यानं सगळेच म्हणायला लागले, घरकामासाठी ठेवली. मीही तेच म्हणायला लागले. सांगायला सोपं.

मास्तर आमच्यापासून चार घरं सोडून राहायचे. चार घरं, गौरू. एकदा दारात येऊन "उद्या ये गो" म्हणाले असते तरी मी पाटी घेऊन पळत गेले असते.

तू गेलीस. पाटावर बसलीस. तिथंच तू त्या मास्तरांपेक्षा मोठी झालीस. आता अर्ध्यावर थांबू नकोस. माफी वर्गात माग. पोरं मानतील की नाही ते नंतर बघ. आमच्या शाळेत पोरं कोणाला मानतात ते मी अठरा वर्षं बघते आहे. चुकत नाही त्याला नाही, चूक कबूल करतो त्याला. चुकत नाही असा मास्तर पोरांनी अजून बघितलेला नाही. आणि माफी मागताना मेज धरून उभी राहू नकोस, भ्यालेली दिसतेस.

पाठ कसा घ्यायचा तो तुझा धंदा. पण तुमच्या शाळेतही घंटा असेलच. घंटा वाजली की पोरांना पुढे काय ते कळतं. आत, बाहेर, सुट्टी. घंटेवर त्यांचा मास्तरांपेक्षा जास्त विश्वास. तेवढं लक्षात ठेव.

मी यायची नाही. बुधवार आहे. इथली घंटा कोण देणार?

शेवंती


चोपडे
६ ऑगस्ट, संध्याकाळी

गौरू,

आले. तू बघितलंसच. डोळे मोठे करू नकोस, पहिल्या बशीनं निघाले की मुळगाव काय लांब नाही.

काल हेडमास्तरांकडे रजा मागितली. म्हणाले, "अठरा वर्षांत पहिली रजा! आजारी आहात?" मी म्हटलं, "नाही. शाळेत जायचं आहे." आज सकाळी घंटा त्यांनीच दिली. क्लार्क तुषार सांगतो, चार मिनिटं उशिरा.

तुमची बाकं लहान. माझे गुडघे आपटले. बाजूच्या चलीनं, हर्षा तिचं नाव, दप्तर सरकवून हळूच विचारलं, "तुम्ही इन्स्पेक्टर?" मी म्हटलं, "होय. गप बस." तिनं लगेच वेणी पुढची मागे टाकली. तुझे शिवदास सर पलीकडे बसून हसू दाबत होते.

मेजावर तू घंटा आणून ठेवली होतीस. तू मेज धरलंस. मी बघितलं. मग सोडलंस. म्हणालीस, "राणी, तुझा प्रश्न बरोबर होता आणि माझा शब्द वाईट होता. मी तुला घाटी म्हटलं. वर्गात म्हटलं, म्हणून वर्गात माफी मागते." बाहेर पागोळ्या पडत होत्या त्या मला मोजता आल्या असत्या. ती पोर नखानं बाक खरवडत राहिली. मला वाटलं आता रडते. तर म्हणते, "टीचर, मग घंटा मी वाजवू?"

माझी जात आहे ती. ती शिपाई होऊ दे, टीचर होऊ दे, काहीही होऊ दे, मला पटली.

पहिल्या घंटेला लपायचं, दुसरीला बाहेर यायचं, असं तू सांगितलंस. तिनं पहिली दिली, लांब. चुकीची देत होती, मनगट सैल, पण असो. पोरं बाकाखाली. मी नाही गेले, मला परत वर कोण काढणार? मग तिनं दुसरी दिली. पोरं हसत बाहेर, अंग झाडत. साईश का कोण तो, "सुटलो" म्हणाला. तू कागद वाटलेस. मलाही दिलास. "आज शाळा सुटल्यावर मी काय करणार, ते लिहा." बस. ढग नाही, फोटो नाही. सगळी माना खाली घालून लिहायला लागली. मीही लिहायला लागले.

भिंतीवरच्या घड्याळाकडे तू बघत होतीस. मला बघायची गरज नव्हती, सव्वाआठ माझ्या हाडांत आहेत. तू म्हणालीस, "पेन जिथं आहे तिथं थांबवा." घंटा नाही. आवाज नाही. काही नाही. नुसतं थांबा.

मी तेव्हा निघाले. बशीची घाई होती.

भात करपला आज. मावशानं तसाच खाल्ला.

शे.


मुळगाव
९ ऑगस्ट २०२५

मावशी,

तुझी बस साडेदहाला होती. मी विचारलं. खोटं कशाला बोलतेस?

तू गेल्यावर मी एकेकाला अर्धं वाक्य वाचायला लावलं. "आज शाळा सुटल्यावर मी पप्पांबरोबर मळ्यात खेकडे धराय." "आज माझ्या ताईचा वाढदिवस, मी तिच्यासाठी गुपचूप." "मी आधी जेवणार आणि मग." मागच्या बाकांपर्यंत जाईस्तो आवाज बारीक होत गेले. मग मी सांगितलं, तिथंही मुलं होती, दुसरा भोंगा झाला होता, आणि प्रत्येकाचं असंच काहीतरी ठरलेलं होतं. राणीनं काकाचं सांगितलं. स्वतःहून, उभी राहून. कोणी हसलं नाही.

साईशनं हात वर केला. धडाम म्हणाला होता तोच. म्हणतो, "टीचर, आता पुरं करू काय?" एवढासा आवाज. मी म्हटलं, "करा. तुम्हाला करता येतं, तर करा." मावशी, अठ्ठावीस जण एकदम वाकले. नुसता पेनांचा आवाज. शिवदास सर चष्मा पुसत होते आणि मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले, कारण मी टीचर आहे.

राणी रोज येते. काल मधल्या सुट्टीची घंटा तिनंच दिली. सुट्टी पाच मिनिटं लांबली, कोणी तक्रार केली नाही.

तुझा कागद बाकावर राहिला होता. त्यावर लिहिलं आहे, "आज शाळा सुटल्यावर मी बाबाला विचारणार की".

तुझ्या मास्तरांनी दिलं नाही ते उत्तर मी देते. उरली होती, मावशी. खूप मेली, खूप जण नंतर कितीतरी वर्षं मरत राहिली, पण माणसं उरली. तीन दिवसांनी त्या जळलेल्या शहरात एका रस्त्यावर ट्राम परत चालू झाली. मग हळूहळू सगळं शहर पुन्हा बांधलं. आणि पुढे गोव्याची माती वर्षानुवर्षं जपानला गेली, त्यात आजोबांच्या बार्जमधलीही. तिचं लोखंड कुठल्या पुलाला लागलं, कुठल्या गाडीला, ते देव जाणे. पण हात करणारी माणसं खरी होती. तू बरोबर होतीस. नापास मास्तर झाले.

विमानतळाला नकार कळवला. आईला तू सांग. माझी हिंमत नाही.

कागद सोबत पाठवते.

तुझी,
गौरवी टीचर


चोपडे
१३ ऑगस्ट

गौरू,

रुक्मिणीला सांगितलं. ओरडली. मग म्हणाली, "बाय, तरी पण एसी गो!" मी म्हटलं, वर्गात पंखा आहे. आता परत आठ दिवस शांतता.

तीन दिवसांनी ट्राम. मी हे मावशाला वाचून दाखवलं. जाळं खाली ठेवलं त्यानं. म्हणाला, "चालवणारा कोण असेल गो?" मला तेच वाटत होतं. घरचं कोण राहिलं, कोण गेलं, काही ठाऊक नाही, आणि तो माणूस सकाळी उठून गाडीवर गेला. प्रवासी पण चढले असतील. कुठं जायला चढले? कोणाच्या तरी दारात बघायला, आहेस काय म्हणून. दुसरं कुठं जाणार?

त्यांनी गाडी तीन दिवसांत चालू केली. मी बाकावर परत बसायला पंचेचाळीस वर्षं लावली. आणि शाळेत वेळेवर घंटा द्यायला मला ठेवली आहे!

गणपतीच्या चवथीला राणीला आणि तिच्या आईला घेऊन ये. अनुसयेला म्हणावं, नेवऱ्या, म्हणजे तुमच्या करंज्या, करायला हात कमी पडतात, पाहुणी म्हणून नको, कामाला ये. पाहुणी म्हटलं तर यायची नाही, कामाला म्हटलं तर येईल. राणीला घंटेचं मनगट मी शिकवते. मुळगावात जी घंटा देते ती घंटा न्हय, भांडी आपटणं आहे.

तू पाठवलेला कागद पुरा केला. परत पाठवते.

"आज शाळा सुटल्यावर मी बाबाला विचारणार की जपानात माणसं उरली काय. बाबा म्हणणार, उरली म्हणून तर हात करतात गो. मग मी उद्या शाळेत जाणार."

तपास. लाल पेन लावलंस तरी चालेल.

शेवंती